दसऱ्यानंतरचं कोहळं

दसऱ्याची साफसफाई करताना फडताळात राखेत घोळून ठेवलेल्या कोहळ्याच्या बिया सापडल्या. मृगात लावायच्या होत्या. मी लगेच खुरपं घेऊन मागच्या वाडीत गेलो. कुंपणापलीकडून शेजारचे भाऊ म्हणाले, "काहून जी गुरुजी, कापूस वेचाले आला अन् तुम्ही आता बी टोबून राहिले?"

अमेरिकेतला शेतकरी पहिल्या हिमाची तारीख धरून शंभर-सव्वाशे दिवस मागे मोजतो आणि मग बी लावतो. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या आंजीला हिम कुठलं? वर्ध्याचं नाव निघतं ते उन्हासाठी. पण पौषात धाम नदीकडून धुई चढली की वेल अंग चोरून बसतो आणि पानांवर भुरी धरते. तोवर निकाल काय लागणार? भोपळा! फक्त हा आयुष्यातला एकच पेपर असा, की ज्यात भोपळा मिळाला तर पेढे वाटायचे.

तसं पाहिलं तर उशिरा येणं ही कोहळ्याची घरचीच रीत. आवळा देऊन काढायचा तो पांढरा, पेठ्याचा कोहळा. तो इथला जुना. हे लाल कोहळं मूळचं अमेरिकेतलं, कोलंबसानंतर समुद्र ओलांडून आलेलं. पंगत अर्धी उठल्यावर आलं आणि विदर्भात तर त्यानं म्हाताऱ्याचं नावच लावलं. अशा पाहुण्याला मी कोणत्या तोंडानं वेळापत्रक शिकवू?

कार्तिक सरता सरता फुलं आली. दिवस लहान आणि हवा गार असली की कोहळ्याला मादी फुलं लवकर धरतात, हा उशिराचा फायदा. पण फूल उमलतं पहाटे आणि दुपार व्हायच्या आत मिटतं. मधमाश्या मात्र थंडीच्या उठतात ऊन चढल्यावर. मग कानटोपी घालून मीच मधमाशी झालो. नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या, परागाचा दांडा मादी फुलात हलकेच फिरवायचा. "गुरुजी, लगन लावून राहिले का जी?" भाऊंनी विचारलंच. "मुहूर्त टळत होता," मी म्हणालो.

उरलेल्या नर फुलांची भजी झाली, कोवळ्या पानांची भाजी झाली. चार कळ्या पिवळ्या पडून गळाल्या. संक्रांतीनंतर एकच कोहळं हाती आलं, लहानशा घागरीएवढं. अर्धं भाऊंकडे गेलं, अर्ध्याची गूळ घालून बोंडं तळली. भाऊ बोंडं खायलाही आले आणि उशिराबद्दल चकार शब्द बोलले नाहीत.

बिया धुऊन, वाळवून, राखेत घोळून पुन्हा फडताळात ठेवल्या आहेत. यंदा नक्की मृगात लावायच्या. गेल्या वर्षीही असंच ठरलं होतं.