पिटकेर्नचा अहवाल
आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा १९६६ चा आंतरराष्ट्रीय करार ब्रिटनने १९७६ मध्ये मान्य केला, आणि प्रशांत महासागरातल्या आपल्या पिटकेर्न बेटालाही लागू केला. बेटाची वस्ती जेमतेम पन्नासाच्या आतबाहेर. करार कितपत पाळला, याचा अहवाल द्यावा लागतो; तो तपासणारे जिनिव्हातले तज्ज्ञ १८. तीन माणसांमागे एक तपासनीस, इतकी चैन मोठ्या देशांच्या नशिबी नाही. अहवाल लंडन धाडते. गव्हर्नर वेलिंग्टनला, पाच हजारांवर किलोमीटर दूर; बारीक नजर ठेवायला एवढे अंतर बरे पडत असावे. बेटावर धावपट्टी नाही. डॉक्टर एकच, तोही पाळीवर येणारा. आजार त्याच्या आवाक्याबाहेर गेला, तर आरोग्याचा हक्क बजावायला रोग्याने दीडेक दिवस बोटीने मांगारेव्हा गाठायचे, पुढे विमानाने ताहिती. संपाचा हक्कही करारात आहेच. फक्त बाउंटी बेच्या लाटांतून लाँगबोटी बाहेर काढून जहाजावरचा माल उतरवायला गावातले झाडून सगळे धडधाकट हात लागतात.