सुलूच्या पोरीची आई

परवा टीव्हीवर ‘स्टार ट्रेक बियॉन्ड’ पुन्हा लागला आणि भिलाईकडच्या आमच्या मोहन नगरात एका बाईचा शोध पुन्हा सुरू झाला. सिनेमा २०१६ चा. एंटरप्राइझ जहाजाचं सुकाणू सांभाळणारा सुलू यॉर्कटाउन नावाच्या अंतराळतळावर उतरतो. समोर एक पुरुष आणि एक चिमुरडी. सुलू पोरीला जवळ घेतो, त्या पुरुषाच्या पाठीवर हात टाकतो आणि तिघे चालू लागतात. झालं. नवऱ्याला बोलायला एक वाक्य नाही. दोघांचं चुंबन चित्रित झालं होतं, ते कापलं गेलं. शिल्लक राहिला एक हात, आणि तोही पाठीवर.

आमच्या काकांना त्या हाताचं काही नाही. हे ते स्वतःच सांगतात, कुणी न विचारता, चहा यायच्या आधी. “आपलं काही म्हणणं नाही भाऊ. ज्याचं त्यानं पाहावं. मी फक्त एवढंच विचारून राहिलो, त्या पोरीची आई कुठे आहे?”

हे काका तुमच्याही गल्लीत आहेत. कारखान्यातून निवृत्त, गच्चीवर अँटेना फिरवण्याच्या काळापासून स्टार ट्रेकचे भक्त, क्लिंगॉन लोकांच्या वंशावळी तोंडपाठ, स्वतःच्या सुनेच्या नोकरीचं नाव मात्र आठवत नाही. त्यांच्याभोवती दोन-चार पुतणे असतात. ते अधिक शिकलेले, म्हणून तेच म्हणणं “कथेची गरज होती का?” अशा शब्दांत मांडतात. पण पुतण्यांना सोडा. मला काकांचा प्रश्न आवडतो. तो सरळ आहे, कौटुंबिक आहे, आणि काका तो बावीस वर्षं उशिरा विचारताहेत.

कारण सुलूला मुलगी आहे हे २०१६ मध्ये कळलेलं नाही. ते कळलं १९९४ साली, ‘जनरेशन्स’ नावाच्या सिनेमात. नव्या एंटरप्राइझच्या सुकाणूवर एक तरुणी बसलेली, तिची ओळख करून दिली जाते: ही डेमोरा, सुलूची मुलगी. कॅप्टन कर्क चकित होतो, या गड्याला संसाराला वेळ कधी मिळाला म्हणून. एवढंच. आईचा उल्लेख नाही, फोटो नाही, साधा उसासाही नाही. काकांनी तो सिनेमा पाहिला, मित्रांना दाखवला, तोंड भरून वाखाणला. १९९४ पासून २०१६ पर्यंत डेमोरा पडद्यावर आईविना होती आणि मोहन नगरात कुणाच्या घशात गुपचुप, म्हणजे पाणीपुरी, अडकली नाही. बाप एकटा होता तेव्हा आई लागत नव्हती. बापाला सोबत मिळाली, आणि सगळ्यांना आईची काळजी लागली.

मग पुतणे टाइमलाइन काढतात. २००९ च्या सिनेमापासून काळाला वेगळा फाटा फुटला आहे, त्यामुळे ही ती डेमोरा नव्हेच. आणि असलीच तर वय जुळत नाही. बरोबर आहे. वय जुळत नाही. जुळवाजुळवीत ते इतके चोख आहेत की २२६३ सालातल्या पोरीचा दाखला तपासतात. चालू सालातल्या पोरींचे दाखले तपासायला गल्लीत कुणी रिकामं नसतं.

आता आईचा विषय निघालाच आहे, तर एकदा होऊनच जाऊ द्या. या काकांच्या आवडत्या विश्वात आयांचं काय होतं हे कुणी मोजलं आहे का? स्पॉकची आई २००९ च्या सिनेमात कड्यासकट कोसळते आणि ग्रह बुडतो. त्याच सिनेमात कर्कची आई बाळंतवेणा देत पळत्या यानात पोराला जन्म देते, नवरा तिकडे मरत असतो, आणि एवढं करून बाई पुढच्या कथेतून अशी नाहीशी होते की पोरगं मोठं होऊन गाडी दरीत घालतं तरी ती दिसत नाही. ‘डीप स्पेस नाइन’ ही मालिका १९९३ मध्ये सुरू झाली तीच नायक सिस्कोच्या बायकोला मारून. पोराला बापानं वाढवलं, काकांनी डोळे पुसले. वर्फच्या पोराची आई पोर बापाच्या हवाली करून खून होऊन जाते, १९९०. त्याच वर्षी डेटा नावाच्या यंत्रमानवानं प्रयोगशाळेत स्वतःच्या हातानं एक मुलगी घडवली, लाल तिचं नाव. आई नाही. गर्भ नाही. बाप तर माणूसच नाही. काका त्या भागाबद्दल बोलायला लागले की त्यांचा आवाज अजून जड होतो. तिची आई कोण, हे त्यांनी आजवर विचारलेलं नाही. त्याआधी १९८८ मध्ये डिॲना ट्रॉयला एका उडत्या उजेडाच्या ठिपक्यापासून दिवस गेले होते. ठिपका! त्याचं कूळ नाही, खानदान नाही, नोकरी नाही, तो बोलतही नाही. तो बाप म्हणून पसंत पडला. शेजारच्या ‘स्टार वॉर्स’मध्ये जाल, तर अनाकिनला बापच नाही असं त्याची आई १९९९ साली शांतपणे सांगते, तीन वर्षांनी तिला मारतात, आणि २००५ मध्ये अनाकिनची बायको जुळ्यांना जन्म देऊन तिथेच प्राण सोडते. एवढ्या आया मेल्या, हरवल्या, मुळात नव्हत्याच, आणि कुणी पोस्टकार्डही टाकलं नाही. म्हणजे आई लागते ती फक्त दोन पुरुष एकत्र चालताना दिसले की. एरवी तिला मारायला परवानगी आहे.

बरं, काका काही विज्ञानकथेपुरतेच श्रद्धाळू नाहीत. भिलाईत केरळची कुटुंबं कारखान्यासोबतच आली. मंडलव्रताच्या काळात शेजारून अय्यप्पाचा प्रसाद येतो. हरीचा आणि हराचा पुत्र. मोहिनी कोण होती हे काकांना नीट ठाऊक आहे, चातुर्मासात ते स्वतः सांगतात. पायसमची वाटी ते दोन्ही हातांनी घेतात, कपाळाला लावतात, संपवतात, आणि वाटी धुऊन परत पाठवतात. चौकशी कसलीच नाही.

इथपर्यंत मी हसत होतो. मग वाटलं, सुलूला खरंच मोहन नगरात आणून बघावं. भाड्यानं दोन खोल्या, खाली दुकान, घरमालक काकाच.

तर सुलू आणि त्याचा तो मुका नवरा. लग्न? सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानुसार लग्नाचा मूलभूत हक्क नाही, पाच विरुद्ध शून्य. म्हणजे कागदोपत्री दोन सडे पुरुष. जोडपं म्हणून मूल दत्तक घ्यायचं तर नियम दोन वर्षांचा स्थिर संसार मागतो, आणि संसार म्हणजे लग्नाचा. हा नियम त्याच निकालात तीन विरुद्ध दोन असा टिकला. ठीक, मग सुलूनं एकट्यानं अर्ज करावा. एकटा माणूस दत्तक घेऊ शकतो, पण एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही. बाल न्याय कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं आहे. मुलगा चालेल. डेमोरा चालणार नाही. तारे ओलांडून आलेला माणूस इथे ‘अर्जदाराचा प्रवर्ग’ या रकान्यापाशी थांबणार.

निराश व्हायचं कारण नाही म्हणतात. २०२४ मध्ये केंद्रानं कळवलं आहे की अशा जोडीदारांना राशन कार्डासाठी एका घरातलं धरावं. बँकेत जोड खातं उघडता येतं, नॉमिनी होता येतं. म्हणजे या धानाच्या कटोऱ्यात दोघांना तांदूळ एकत्र मिळेल, पैसे एकत्र ठेवता येतील, एक मेला तर दुसऱ्याला ते काढताही येतील. तांदूळ एका घरातला, माणसं दोन घरांतली. हे कुणी विज्ञानकथेत लिहिलं असतं तर पुतण्यांनी तर्कात बसत नाही म्हणून फाडून खाल्लं असतं. आणि हे वाचून काकांना प्रश्न पडत नाही. तिकडे यॉर्कटाउनमध्ये एका पोरीला दोन बाप मिळाले याचा त्यांना दहा वर्षं घोर आहे. इकडे अनाथाश्रमात एकही नसलेल्या पोरींबद्दल त्यांचं “आपलं काही म्हणणं नाही भाऊ” शंभर टक्के खरं आहे. खरोखरच काही म्हणणं नाही! कधीच नव्हतं! याच गल्लीत एखादा पोरगा पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरी धरतो आणि दिवाळीलासुद्धा येत नाही, तेव्हा काका म्हणतात, कामाचा ताण असेल. त्याच्या आईला विचारा. ती कुठे आहे ते सगळ्यांना माहीत आहे, स्वयंपाकघरात आहे, फोन बाजूला ठेवून आहे, आणि तो तिथे कुणासोबत राहतो हेही तिला माहीत आहे. तिला काकांनी काही विचारलेलं नाही. ती पडद्यावर नाही ना.

हे सगळं मी काल संध्याकाळी काकांसमोर बोलून दाखवलं. आवाज जरा चढला होता. पुतणे गप्प झाले. काकांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला, लाल आणि ठिपका हे दोन मुद्दे मान्य केले, अय्यप्पाचा केला नाही. मग म्हणाले, आईचं राहू द्या. त्यांना दुसरीच शंका आहे. सुलू जहाजावरून उतरला तेव्हा सुकाणूवर रिलीव्हर आला होता काय? पडद्यावर तर दिसला नाही. जागा अशी सोडता येत नाही. आपण तीस वर्षं तीन पाळ्यांत काम केलं, रिलीव्हर आल्याशिवाय एकदाही भट्टीवरून हललो नाही, बायकोला कळा सुरू झाल्या तरी नाही.

“मग काकू एकट्याच गेल्या दवाखान्यात?” एका पुतण्यानं विचारलं.

काका म्हणाले, मुद्दा तो नाही.