किर्क डग्लस मरू दे, डॉक्टर कुठाय?

“काय हो सुमनताई, डोळे का तारवटलेत?”

“रात्री त्या जीन स्पँगलरचं वाचत बसले होते. हॉलिवूडची नटी. नटी कसली, एक्स्ट्रा! गर्दीत उभी राहायची, नाचायची.”

“मेली?”

“तेच तर कुणाला कळलं नाही. १९४९ च्या ऑक्टोबरात, सात तारखेला संध्याकाळी घराबाहेर पडली. पाच वर्षांची लेक भावजयीपाशी ठेवली. म्हणाली, घटस्फोटित नवऱ्याला भेटते, पोरीची पोटगी थकलीय, आणि तिथून रात्रीच्या शूटिंगला. नवरा म्हणतो, मला भेटलीच नाही. आणि चौकशी केली तर त्या रात्री तिला कुठे काम नव्हतंच!”

“अगंबाई! थाप मारून गेली की.”

“मारली असेल. म्हणून काय जिवानिशी जायचं? दोन दिवसांनी ग्रिफिथ पार्कात पर्स सापडली, बंद एका बाजूनं तुटलेला. आत किर्कच्या नावे अर्धवट चिठ्ठी. आता थांबवत नाही, डॉक्टर स्कॉटकडे जाते, आई गावाला आहे तोवर उरकलेलं बरं, अशा अर्थाची. शेवटी पूर्णविराम नाही, स्वल्पविराम!”

“किर्क म्हणजे तो हनुवटीला खळी असलेला किर्क डग्लस?”

“झालं! साऱ्यांनी हेच विचारलं. त्याच्या सिनेमात ती गर्दीत होती. त्यानं स्वतःच पोलिसांना फोन केला, तो किर्क मी नव्हे म्हणून.”

“स्वतःच? खाई त्याला खवखवे.”

“उगाच आळ नको हं घ्यायला. पोलिसांना त्याच्याविरुद्ध काही सापडलं नाही. मला तो डॉक्टर हवाय. मैत्रिणी सांगत, तिला दिवस गेले होते. गर्भपात तेव्हा तिथे गुन्हा, म्हणजे सगळं चोरून. टेबलावर बरंवाईट झालं तर बोलणार कोण? स्कॉट आडनावाचे झाडून सगळे डॉक्टर पोलिसांनी विचारले. एकानंही ओळख दाखवली नाही.”

“दाखवील कसा! पण त्या एक्स्ट्रा बायका कुणाकडे दाद मागत नव्हत्या का हो?”

“मागितली ना एकीनं. पॅट्रिशिया डग्लस, विशीतली पोर. किर्कची कुणी नव्हे ती. १९३७ मध्ये एमजीएम स्टुडिओनं आपल्या विक्रेत्यांना मेजवानी दिली आणि शंभरावर नाचणाऱ्या मुली शूटिंग आहे असं सांगून नेल्या. तिथे एका विक्रेत्यानं बळजबरी केली, अशी तिनं नावानिशी फिर्याद दिली. ग्रँड ज्युरीनं खटलाच उभा राहू दिला नाही. तिथला गाड्या लावणारा माणूस साक्षीदार होता, त्यानं ज्युरीपुढे शब्द फिरवला. त्याला स्टुडिओनं नोकरी दिली, हे कित्येक वर्षांनी त्याच्याच लेकीनं सांगितलं.”

“मेल्यांनो! आणि ती पोर?”

“पासष्ट वर्षं तोंड मिटून बसली. एका लेखकानं शोधून काढली, तेव्हा कुठे बोलली. २००३ मध्ये ते छापून आलं, त्याच साली गेली.”

“आणि जीनची आई?”

“केंटकीहून परत आली ती पोलिसांना सांगत, किर्क नावाचा कुणीतरी जीनला न्यायला दोनदा घरी आला होता. पण गाडीतच बसून राहिला, आत आला नाही.”

“दोनदा दारात येऊन उतरला नाही? आमच्या सासूबाई असत्या ना, तर गाडीचा नंबर भिंतीवर लिहून ठेवला असता!”