वाईत गणपती, फोटोत बादली

कॅमेरा घेऊन वाईला जाणाऱ्याने काय टिपावं हे जवळजवळ ठरलेलं आहे. कृष्णेकाठचा ढोल्या गणपती, घाटाच्या पायऱ्या, मेणवलीतला नाना फडणवीसांचा वाडा आणि तिथली पोर्तुगीज घंटा. 'स्वदेस'पासून मेणवलीचा घाट तर वाईची वेस न ओलांडलेल्यांनाही पाठ झालाय. पुण्याचे एक छायाचित्रकार मात्र वाईहून आले ते एसटीच्या सीटची पाठ, एक मोडकी खुर्ची आणि एक निळी बादली घेऊन. घरी विचारणा झाली, "आणि गणपती?"

"गर्दी होती," ते म्हणाले.

पूर्वी ते असे नव्हते. रोलच्या जमान्यात ३६ फ्रेम अख्ख्या महाबळेश्वरला पुरवायच्या असत. दर पॉइंटला एक फोटो, त्यात सगळं कुटुंब, आणि ज्याचे डोळे मिटले त्याचे ते कायमचे मिटले. मग डिजिटल कॅमेरा आला आणि त्यांनी त्या काटकसरीचा सूड उगवला. एकेका सूर्यास्ताचे शेकड्यांनी फोटो निघू लागले. सूर्य बिचारा एकदाच मावळायचा, हार्ड डिस्क मात्र वरचेवर भरायची. अमेरिकन छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड १९८४ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्यामागे अडीच हजारांच्या घरात न धुतलेले रोल निघाले. हे वाचून आमच्या गृहस्थांना धीर आला. घरच्यांना आला नाही.

पुढे त्यांच्या हाती विल्यम एगल्स्टन लागले. मेम्फिसच्या या माणसाने लहान मुलाची तीनचाकी सायकल, घराच्या छताचा लाल रंग, असल्या गोष्टींचे रंगीत फोटो काढले, आणि १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ते भिंतीवर लावले. तेव्हा समीक्षकांनी नाकं मुरडली होती. आज ती सायकल छायाचित्रणाच्या इतिहासात जाऊन बसली आहे. एगल्स्टन एका वस्तूचा एकच फोटो काढतात, हे कळल्यावर आपल्या गृहस्थांनीही तोच नेम धरला. एक वस्तू, एक क्लिक. उपवासाइतकाच कडक, म्हणजे साबुदाण्याची सोय ठेवून.

वाईच्या गाडीत या नेमाची परीक्षा खंबाटकी घाटातच सुरू झाली. सगळी गाडी खिडकीबाहेर मोबाइल धरून दरी टिपत होती. हे मात्र समोरच्या सीटच्या पाठीवर किल्लीने कोरलेल्या बदामावर कॅमेरा रोखून बसलेले. बदामात दोन नावं, त्यातलं एक नंतर खोडलेलं. शेजाऱ्याने आपली पिशवी मांडीवर घेतली. कंडक्टर जवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, ते आम्ही नाही लिहिलेलं."

वाईत उतरल्यावर बाजारपेठेत त्यांना खुर्ची दिसली. पांढरी, प्लास्टिकची, पाय तुटलेला आणि त्या पायाला तांब्याच्या तारेने घातलेले टाके. हा त्यांच्या मते दिवसाचा सर्वोत्तम नमुना होता, आणि तो खरोखर होता. टाके इतके नेटके, की घालणाऱ्याचा हात शस्त्रक्रियेत फुकट गेला नसता. दुकानदाराला मात्र यात कौतुकासारखं काही दिसेना. "नगरपालिकेतून आलाय का?" त्याने विचारलं आणि खुर्ची रस्त्यावरून आत ओढली.

वडापने ते मेणवलीला पोचले. घंटेवर १७०७ हे साल ओतलेलं आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरीही आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, त्यानंतर ती इकडे आली आणि कृष्णेकाठच्या देवाच्या सेवेला लागली. एवढी मोठी गोष्ट मान वर करताच दिसत असताना हे गृहस्थ एका घराच्या पायरीशी उकिडवे बसून चुन्याचे शिंतोडे उडालेल्या बादलीकडे बघत होते.

"अवो, घंटा तिकडं हाय," दारातून मावशी म्हणाल्या.

"बादलीवर ऊन छान पडलंय, मावशी."

"थांबा मग, घासून देते." आणि नको नको म्हणेपर्यंत त्यांनी बादली घासून लख्ख केली. चुना गेला. बादली नुसतीच कशी काढायची म्हणून शेजारी नातू उभा राहिला, नातवाशेजारी सून आली, गोठ्यातून मामंजींना हाक गेली. एक क्लिकचा नेम तिथेच मोडला, कारण कोणी ना कोणी दर वेळी डोळे मिटत होतं. शेवटी जो फोटो निघाला त्यात सगळं घर आहे. बादली सुनेच्या पदरामागे गेली.

या सगळ्या ऐवजाची ते आता अकारविल्हे नोंद ठेवतात. हा वाईचा गुण असावा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोश्यांनी मराठी विश्वकोशाचा डोलारा याच गावात उभा केला आणि त्याचा पहिला खंड निघाला तोही १९७६ मध्येच, तिकडे ती सायकल भिंतीवर चढली त्या वर्षी. गृहस्थांच्या कोशात 'ख' खाली खुर्ची आहे, 'ब' खाली बदाम आणि बादली. 'ग' अजून रिकामाच आहे. त्यासाठी पुन्हा वाई करावी लागेल.

फोटोची प्रत त्यांनी मेणवलीला पोस्टाने पाठवली. तुम्हीही कुणाच्या दारात असा फोटो काढलात तर पत्ता विचारून घ्या आणि प्रत जरूर पाठवा. मावशींचा फोन लगेच आला होता: फोटो झकास आहे, फक्त मामंजी पुन्हा काढायचे आहेत, दाढी करून.