बॅटरीबहाद्दर

रात्री साडेनऊच्या सुमारास समोरच्या इमारतीत, पाचव्या मजल्यावर वाळत घातलेल्या टॉवेलवर लख्ख ऊन पडलं, तर घाबरू नये. आपल्या सोसायटीतल्या बॅटरीबहाद्दराचं नवं पार्सल आलेलं आहे.

हा गृहस्थ पन्नाशीचा, बँकेतला किंवा बँकेतून नुकताच निवृत्त, आणि स्वभावाने कमालीचा काटकसरी. मागच्या खोलीतला दिवा कुणी चालू ठेवला तर घर डोक्यावर घेतो. त्याच्याकडे बॅटऱ्या एकूण किती, हे बायकोला ठाऊक नाही. ते ठाऊक होऊ नये म्हणून मोज्यांचा कप्पा, स्कूटरची डिकी आणि देव्हाऱ्याखालचा खण अशी विभागणी आहे. प्रत्येक बॅटरी मात्र हजाराच्या आतली. "महागडी घेऊन काय, कुणीही उजेड पाडेल," असं तो म्हणतो, आणि या बाबतीत मी त्याच्या बाजूचा आहे.

खोक्यावर 'एक लाख लुमेन' छापलेलं असतं. हे खोटं आहे, हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नाही. जुना साठ वॉटचा पिवळा बल्ब सातशेच्या आसपास लुमेन द्यायचा. उत्तम एलईडीने वॉटमागे दीडशे लुमेन दिले असं धरलं, तरी लाखासाठी साडेसहाशे वॉट लागतात. म्हणजे बोटाएवढ्या सेलवर घरातला मिक्सर फिरला पाहिजे. हे गणित त्याने तापकीर गल्लीतल्या दुकानदाराला तोंडी करून दाखवलं. दुकानदार म्हणाला, "काका, गर्दी आहे, घ्यायची का?" काकांनी घेतली. खोटं आहे हे माहीत असणं वेगळं आणि ते घरी नेऊन सिद्ध करणं वेगळं.

मग चाचण्या. घरात सगळ्यात पांढरी, सगळ्यात बंदिस्त खोली म्हणजे बाथरूम. उलट्या बादलीवर मोबाइल ठेवायचा, त्यात लक्स मोजणारं ॲप चालू करायचं, बॅटरी छताकडे तोंड करून उभी करायची आणि दर मिनिटाला आकडा वहीत लिहायचा. पहिला मिनिटभर आकडा दिमाखदार असतो. मग बॅटरी तापते आणि स्वतःहून मंदावते, नाहीतर आतला एलईडी भाजून निघेल. ती मंदावू नये म्हणून टेबलफॅन आत नेला जातो. दाराबाहेर अंघोळीचे उमेदवार टॉवेल घेऊन उभे.

"अहो, दूध उतू गेलं, मुलगी क्लासला निघाली, तुमचं काय चाललंय आत?"

"रनटाइम!"

बायकोने हा एक आजार असावा अशी समजूत करून घेतली आहे. ती फारशी चुकीची नाही.

सेलची परीक्षा सराफाकडे होते. १८६५० नावाचा हा लिथियम सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतो. अस्सल असेल तर वजन पंचेचाळीस ग्रॅमच्या पुढेमागे. त्यात साडेतीन हजार मिलीअँपिअर-तासांच्या फार वर काही मावत नाही. रस्त्यावरच्या सेलवर मात्र ९९०० छापलेलं असतं आणि वजन अंमळ फुलासारखं भरतं. काका तो घेऊन पेठेतल्या ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवतात. पहिल्यांदा सराफाने चष्मा वर करून विचारलं होतं, "मोडीत घालायचंय का?" आता तो न विचारता वजन सांगतो आणि वर "घट आहे" असंही म्हणतो.

पल्ल्याची चाचणी गच्चीवर. पल्ला मोजायचा नियम असा, की उजेड जिथे पाव लक्सवर येतो, म्हणजे निरभ्र पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उरतो, तिथे पल्ला संपला. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई. या हिशेबाने खोक्यावरच्या दोन किलोमीटरसाठी दहा लाख कँडेलांचा झोत हवा. काका हे सगळं समजावून सांगतात आणि तरी झोत पर्वतीच्या दिशेने मारतात. पर्वती होती तशीच राहते. पलीकडच्या सोसायटीच्या वॉचमनने मात्र एकदा उलटी बॅटरी मारली. साधीच, दोन सेलची. काकांना बराच वेळ जिना सापडेना.

वीज गेली की हा माणूस खुलतो. बाकीचे मोबाइल चाचपडत असताना तो दाराबाहेर तयार! पण हल्ली वीज जाते कुठे? गेलीच तर इन्व्हर्टर आहेत, जिन्यात जनरेटरचे दिवे आहेत. उजेड भरपूर झाला, अंधार मिळेना, ही त्याची खरी अडचण.

म्हणून त्याने आपली सर्वांत लाडकी, लांब झोताची बॅटरी राजापूरकडच्या मामांना भेट दिली. तिकडे रात्री कातळावरून चालायचं तर बॅटरीवाचून गत नाही. महिन्याभराने मामांनी ती परत पाठवली. फोनवर म्हणाले, "अरे, हिच्यात समोरच्या डोंगरावरचा आंबा दिसतो, पण पायापुढचं फुरसं दिसत नाही. आमची जुनी बरी." मामांचं बरोबरच होतं. खोल, गुळगुळीत रिफ्लेक्टरमुळे उजेड एकवटून लांब जातो, खडबडीत असेल तर तो जवळ पसरतो. पायवाटेला पसरणाराच हवा. काकांना ही चूक वाटली नाही, संधी वाटली. पसरत्या उजेडाची नवी बॅटरी त्याच संध्याकाळी मागवली गेली.

तरीही, तुम्हाला बॅटरी घ्यायची असेल तर खोकं वाचू नका, या माणसाला विचारा. तो तुम्हाला आठशे रुपयांत आयुष्यभर पुरेल अशी वस्तू सांगेल, सेल कुठला घ्यायचा तेही सांगेल, आणि विमानाने जाताना सुटे सेल चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, हातातल्या बॅगेत ठेवा, हेही बजावेल. फक्त दिवसा विचारा. रात्री विचारलंत तर गच्चीवर जावं लागेल.