चाकं लावली की घर उडतं!

पुण्याच्या वाघोलीत गुंठाभर जागा बाळगणाऱ्याला हल्ली एक फुकटचा सल्ला हमखास मिळतो: स्वतःच्या हाताने छोटी केबिन उभारा, रात्रीच्या बोलीने भाड्याने द्या आणि निवांत बसा. हिशेब मोहक आहे. वीस फुटी कंटेनर आठ फूट रुंद, म्हणजे १६० चौरस फूट. गुंठा १०८९ चौरस फुटांचा. एका गुंठ्यात सहा केबिन सहज बसतात आणि उरलेल्या १२९ चौरस फुटांत निसर्ग!

परवानगीचे विचाराल, तर या शास्त्राचा पहिला सिद्धांत ऐका: खाली चाके लावली की ते बांधकाम उरत नाही. १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम मात्र जमिनीच्या वापरातला भरीव बदलही ‘विकास’ धरतो. ज्वारीच्या रानात पाहुणे उतरू लागले की वापर बदलला. चाके फिरोत वा न फिरोत. गंमत अशी, की पालिकेपुढे जी वस्तू ‘घर नव्हेच’, तीच जाहिरातीत ‘घरासारखं घर’ असते. मग शेतकऱ्याने जोडधंदा करू नये का? जरूर करावा. त्यासाठीच राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले. फक्त त्यात शेत लागते, आणि १२९ चौरस फुटांतल्या तुळशीच्या चार कुंड्यांना शेत म्हणायला तलाठी भाऊसाहेबही कचरतील.

‘पण सगळं स्वतः केलंय हो, कुणाचं काय घेतलंय?’ हा पुढचा आक्षेप. भिंती स्वतः केल्या, हे मान्य. पाण्याचे काय? ३० जून २०२१ रोजी वाघोली आणखी २२ गावांसह पुणे महापालिकेत आली. टँकर मात्र रस्त्यावरून हटले नाहीत. स्क्रू पिळून भिंत उभी राहते, नळाला पाणी येत नाही. पाहुणा आंघोळ करणार गावाच्या वाट्याच्या पाण्याने, आणि शोषखड्डा धड नसेल तर सांडपाणी मुरणार शेजाऱ्याच्या बोअरकडे. स्वावलंबन म्हणतात ते हेच असावे.

शेवटचा युक्तिवाद तेवढा वजनदार आहे: माणूस पूर्वापार आपले घर आपणच बांधत आला. अगदी खरे. वाघोलीच्या दगडखाणींतल्या मजुरांनी तेच केले. त्यांच्या मुलांसाठी ‘संतुलन’ संस्थेला खाणींपाशी पाषाणशाळा काढाव्या लागल्या. या मजुरांचीही खोली पत्र्याची, तीही लहान, तीही स्वतः बांधलेली. फक्त तिला लाकडी पट्ट्या आणि पिवळे दिवे नव्हते, म्हणून ती झोपडी ठरली. याच वाघोलीत डिसेंबर २०२४ मध्ये केसनंद फाट्याजवळ पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर डंपर गेला; दोन बालकांसह तिघे मेले. कामासाठी अमरावतीहून आलेली ती माणसे होती. ताऱ्यांखाली झोपण्याचा जो अनुभव केबिनवाले पैसे घेऊन विकतात, तो त्यांना फुकट मिळाला होता.

म्हणजे चार रात्रींच्या निवाऱ्याची गरज वाघोलीत आहेच. ती फाट्यावर उतरणाऱ्या मजुराला आहे. त्याच्यासाठी कुणी केबिन उभारणार असेल, तर पालिकेने त्याला रीतसर परवानगी द्यावी, पाण्याची जोडणी द्यावी. चाके लावायची वेळच येऊ देऊ नये.