बेदाणा सावलीत, गाडी उन्हात

उन्हाची पारख करावी तर सांगली जिल्ह्याने. हळद शिजवली की ती खळ्यावर कडक उन्हात पसरायची. द्राक्षं मात्र बेदाण्यासाठी शेडमध्ये, जाळीच्या रॅकवर, सावलीत वाळवायची. ऊन लागलं की हिरवेपणा जातो, माल काळपट पडतो आणि सौद्यात भाव मिळत नाही. म्हणून तासगावाकडे बेदाण्याला शेडनेटचं घर असतं आणि त्या घराबाहेर मालकाची दहा-बारा लाखांची गाडी भर उन्हात होरपळत असते. सीटच्या रंगावर सौदा ठरत नाही, असा त्याचा हिशेब असावा.

आम्ही साताऱ्याचे. साताऱ्याला पेन्शनरांचं गाव म्हणतात आणि गाडीच्या सावलीचा खरा अभ्यास पेन्शनरांनीच केलेला आहे. आमच्या शेजारचे काका सकाळी गाडी बिल्डिंगच्या पश्चिमेला लावतात आणि जेवण झालं की पूर्वेला. गाडी घेतल्यापासून तिचं बहुतेक रनिंग बिल्डिंगभोवतीच झालं आहे. डॅशबोर्डला मात्र अजून शोरूमचा वास येतो.

आमच्या गाडीच्या नशिबी हे सुख नाही, कारण माझी सासुरवाडी सांगली. साताऱ्याहून सांगली ढोबळमानाने दक्षिणेला. सकाळी निघालं की पूर्वेचं ऊन डावीकडून येतं. दुपार कलल्यावर परत फिरलं की गाडीचं तोंड उत्तरेला, म्हणजे पश्चिमेचं ऊन पुन्हा डावीकडूनच. आणि डावीकडे बायको बसते. "अहो, तुम्ही मुद्दाम अशाच वेळा काढता," हे वाक्य कराड आलं की येतं. सगळा भूगोल माझ्या बाजूने असूनही मी गप्प बसतो. ती खिडकीच्या काचेत ओढणीचं टोक अडकवते आणि पुढचा प्रवास पडदानशीन होतो.

विज्ञान मात्र तिच्या बाजूने आहे. पुढची काच दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते. तो बहुतेक अतिनील किरण अडवतो. बाजूच्या साध्या काचांना सहसा असा पापुद्रा नसतो. उष्णता तर सगळीकडूनच आत येते आणि आली की पाहुण्यासारखी मुक्काम ठोकते. अमेरिकेतल्या ॲरिझोनात झालेला एक अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. तासभर उन्हात राहिलेल्या गाड्यांचा डॅशबोर्ड सरासरी 69 अंश सेल्सिअसला पोचला होता आणि स्टिअरिंग 53 अंशांना. सांगलीत मे महिन्यात यासाठी संशोधक लागत नाहीत, सीट बेल्टचं बक्कल पुरतं. अशा उष्णतेत प्लॅस्टिकला मऊ ठेवणारी द्रव्यं हळूहळू उडून जातात, पुढच्या काचेवर आतून तेलकट थर धरतात आणि डॅशबोर्ड कडक होऊन शेवटी तडकतो.

पूर्वी यावर काळी फिल्म हा उपाय होता. सावलीही मिळायची आणि आत कोणी पुढारी बसलाय असा संशयही. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने फिल्मवर बंदी आणली आणि दोन्ही गेलं. नियम असा, की पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के उजेड आरपार जायला हवा.

मग मी चंदेरी सनशेड घेतला, तारेच्या कडीचा. उघडायला अर्धा सेकंद लागतो. मिटवण्यासाठी मात्र आठाचा आकडा करून पिळावा लागतो. सासुरवाडीच्या अंगणात मी एक टोक धरलं, मेहुण्याने दुसरं. त्याने पिळलं, मीही पिळलं, पण दोघांनी एकाच दिशेला. सनशेड सुटला आणि सासरेबुवांची टोपी तुळशीपाशी जाऊन पडली.

"काय ओ जावईबापू, एवढी झटापट कशाला? आंब्याखाली लावायची की गाडी," सासरे टोपी झटकत म्हणाले.

झाडाखाली लावली. पण मोहराच्या दिवसांत आंब्यावर तुडतुडे असतात. ते टपावर चिकटा सांडतात, त्यावर धूळ बसते आणि वर कावळ्यांची हजेरी लागते ती वेगळीच. आतलं वाचवावं तर बाहेरचं जातं. शेवटी सासूबाईंनी कपाटातून जुनी पांढरी सुती चादर काढली, डॅशबोर्ड आणि स्टिअरिंगवर पसरली आणि काही न बोलता स्वयंपाकघरात गेल्या. संध्याकाळी स्टिअरिंगला हात लावता आला.

तेव्हा वाचकहो, चकाकणाऱ्या पॉलिशवर पैसे घालण्याआधी घरातली चादर शोधा. पॉलिशने डॅशबोर्डचं प्रतिबिंब काचेवर उमटतं, ऊन थांबत नाही. देखरेख असेल तिथे काच बोटभर खाली ठेवा, दार उघडून गरम हवा जाऊ द्या, मगच आत बसा. आणि निघताना चादर काढून घ्या. ऊन अडवायचं असलं तरी समोरचा रस्ता दिसलाच पाहिजे.